सोसायटीची पाटी स्वतः करायची आहे, इंकस्केप कुठून सुरू करू?

पामबीच_संध्याकाळ (नेरुळ)

आमच्या सोसायटीच्या फाटकावरची पाटी बदलायची आहे. आकार ४ फूट × २ फूट, पांढऱ्या एसीपी (ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या) शीटवर विनाइलची (चिकटणाऱ्या पातळ प्लास्टिकची) अक्षरं. वर सोसायटीचं नाव, त्याखाली 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित', मग प्लॉट आणि सेक्टर. डाव्या कोपऱ्यात एक रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हवा आहे. मजकूर वर्डमध्ये टाइप करून जेपीजी दिली, तर पाटीवाल्यांनी 'कर्व्ह केलेली फाइल आणा' म्हणून परत पाठवलं. इंकस्केप १.४ हा चित्र काढायचा मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतलाय, पण उघडल्यावर काय करायचं ते समजत नाही. कृपया पहिल्या पायरीपासून सांगा.

रेघोटी (ठाणे)

त्यांनी कर्व्ह का मागितले ते आधी समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. जेपीजी म्हणजे रंगीत चौकोनांची जाळी. विनाइल कापणाऱ्या प्लॉटरला रंग कळत नाही. त्याच्याकडे एक पातं असतं आणि ते कुठल्या रेषेवरून न्यायचं एवढंच त्याला हवं असतं. व्हेक्टर फाइलमध्ये नेमकं तेच असतं: काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा. बिंदूला नोड म्हणतात, सगळ्या रेषेला पाथ. या वक्ररेषा बेझिए नावाने ओळखल्या जातात. पिएर बेझिए रेनो कंपनीत इंजिनीयर होते, आणि मोटारीच्या पत्र्याचा वळसा आकड्यांत मांडण्यासाठी ही पद्धत त्यांनी वापरात आणली.

आता कागद तयार करू. फाइल > डॉक्युमेंट प्रॉपर्टीज (कंट्रोल+शिफ्ट+डी) उघडा. एकक मिमी, रुंदी १२१९.२, उंची ६०९.६. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, त्यावरून हे आकडे आले. पाटी खऱ्या मापातच काढा. चारी बाजूंनी ५० मिमी आत गाइड, म्हणजे मापासाठीची मदतरेष, ओढून घ्या. डाव्या आणि वरच्या पट्टीवर माउस धरून आत ओढलं की गाइड येते. पान पुन्हा पडद्यावर नीट बसवायला ५ हा आकडा दाबा, निवडलेली वस्तू जवळून बघायला ३.

पहिल्या आठवड्यात चारच हत्यारं हाताळा. एस म्हणजे निवडायचा बाण, एन म्हणजे नोड, बी म्हणजे पेन, टी म्हणजे मजकूर. आयत (आर) आणि वर्तुळ (ई) आपोआप जमतात. सावली, ब्लर, ग्रेडियंट यांच्याकडे सध्या वळूच नका, कापणाऱ्या मशीनला त्यांतलं काहीच कळत नाही.

पारसिक (कळवा)

दोन गोष्टी जोडतो, नवख्या माणसाचे तासन् तास यांत जातात.

एक. बाण निवडल्यावर वरच्या पट्टीत एक बटण असतं: आकार बदलताना रेषेची जाडीही त्याच प्रमाणात बदलायची की नाही. १०० मिमीचा पक्षी ४०० मिमी केला आणि बटण बंद असेल, तर पाय काडीसारखे दिसतील. बटण चालू-बंद करून एकदा फरक बघून ठेवा.

दोन. तुम्ही आयत १०० मिमी काढता आणि पट्टीत १०१ दिसतं, कारण डीफॉल्टने बाहेरच्या रेषेची जाडीही मापात धरली जाते. प्रेफरन्सेस > टूल्समध्ये 'जिऑमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडा, मग नुसत्या पाथचं माप मिळेल. कापण्याच्या कामाला हेच लागतं.

आणि मराठी कीबोर्ड चालू असताना एन, बी, टी दाबून काही होत नसेल तर प्रोग्रॅम बिघडला असं समजू नका. विंडोज+स्पेस दाबून इंग्रजीवर या.

मासुंदा (ठाणे, तलावपाळी)

मजकुराचं मी सांगते. मराठी पाट्या सगळ्यात जास्त इथे बिघडतात.

तुमची दुसरी ओळ चाचणीला फार चांगली आहे. 'गृहनिर्माण'मध्ये ऋकार आणि रफार, 'संस्था'मध्ये जोडाक्षर, 'मर्यादित'मध्ये परत रफार आणि ऱ्हस्व वेलांटी. ही ओळ नीट उमटली तर फॉन्ट आणि प्रोग्रॅम दोन्ही ठीक आहेत असं समजा. इंकस्केप युनिकोड देवनागरी व्यवस्थित जोडतं. छापखान्यांत वापरतात त्या कोरलड्रॉ प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांत रफार चुकीच्या अक्षरावर जातो किंवा पाय मोडलेलं अक्षर वेगळं दिसतं. म्हणून टाइप केलेला मजकूर तसाच पाठवून 'तिकडे फॉन्ट लावून घ्या' असं कधीही सांगू नका. बऱ्याच छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तुमचा युनिकोड मजकूर तिथे चालत नाही.

फॉन्ट: मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही मोफत आणि पाटीला पुरेसे जाड आहेत. मुक्त आणि बालू मुंबईच्या एक टाइपचे. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा, पण त्याच्या बारीक रेषा विनाइलला नाजूक पडतील. पाटीसाठी सेमीबोल्ड किंवा बोल्डच घ्या.

आकार किती? १० फुटांवरून सहज वाचता यावं म्हणून साधारण १ इंच उंच अक्षर, हा पाटीवाल्यांचा ठोकताळा. रस्त्यापलीकडून, म्हणजे ३० फुटांवरून नाव वाचायचं तर ३ इंच, ७५ मिमी. पण ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरायची. वेलांट्या, रफार, उकार त्याच्या बाहेर. इंकस्केपच्या पट्टीतला एच (उंची) हा आकडा मात्रांसकट असतो आणि फॉन्ट साइझ म्हणजेही अक्षराची उंची नव्हे. सोपा उपाय असा: ७५ मिमी उंचीचा एक आयत काढा, नाव त्याच्या शेजारी ठेवा, आणि शिरोरेषा ते पाया आयताएवढा होईपर्यंत कंट्रोल धरून कोपऱ्याने ओढा. कंट्रोल धरल्याने रुंदी-उंचीचं प्रमाण टिकतं.

'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' ही ओळ ७५ मिमीत एका रांगेत मावणार नाही. ती ४० मिमी ठेवा, १५ फुटांवरून वाचता येते. मावत नाही म्हणून आडवी दाबू नका. आडवं दाबलं की उभ्या काना-दांड्या बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते, अख्खी ओळ छपराखाली चेपल्यासारखी दिसते. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते.

पामबीच_संध्याकाळ (नेरुळ)

मुक्त बोल्ड घेतला, ओळ नीट आली. पाथ > ऑब्जेक्ट टू पाथ केलं. आता हे कर्व्ह झालं का?

मासुंदा (ठाणे, तलावपाळी)

कर्व्ह झालं, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा उरल्या, पण अजून कापायला द्यायचं नाही. आधी अनडू करून मागे जा आणि एक काम करा: मूळ टाइप केलेल्या मजकुराची प्रत कंट्रोल+डी करून वेगळ्या लेअरवर (थरावर) ठेवा आणि तो लेअर लपवा, मग पुन्हा ऑब्जेक्ट टू पाथ करा. पाथ झाल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली तर दुरुस्त करायला मजकूर राहिलेला नसतो.

आता कंट्रोल+५ दाबत दाबत आउटलाइन दृश्यावर या. रंग जाऊन नुसत्या रेषा दिसतील. 'सहकारी'च्या शिरोरेषेकडे बघा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली आहे आणि तिथे उभ्या रेषा दिसतायत. रंग भरलेला असताना हे डोळ्यांना कळत नाही. प्लॉटर मात्र त्या प्रत्येक रेषेवरून पातं फिरवतो. मग विनाइल सोलताना शिरोरेषेचे तुकडे होतात, आणि वर्षभर ऊन खाल्ल्यावर तिथूनच कडा उचलायला लागतात.

उपाय: शब्द निवडा, कंट्रोल+शिफ्ट+जी दाबून गट सोडवा, त्या शब्दाची सगळी अक्षरं निवडून पाथ > युनियन (कंट्रोल आणि अधिक चिन्ह). कोरलवाले यालाच 'वेल्ड' म्हणतात. पुन्हा आउटलाइन बघा, शिरोरेषा आता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध दिसली पाहिजे. कुठे केसाएवढी फट राहिली असेल तर तिथे शिरोरेषेच्या जाडीचा छोटा आयत ठेवून परत युनियन करा.

हे शब्दागणिक करा, सगळी ओळ एकदम नको. सगळी ओळ एक झाली की शब्द हलवता येत नाहीत. मग लोक ब्रेक अपार्ट, म्हणजे सगळे तुकडे सुटे, करतात, आणि त्यात 'क' आणि 'व' यांच्या पोटातली पोकळी सुटून भरीव होते. तसं झालंच तर अनडू करा. पुढे गेला असाल तर बाहेरचा आणि आतला आकार दोन्ही निवडून कंट्रोल+के, म्हणजे कम्बाइन, केलं की पोकळी परत येते.

रोड_नं_२२ (वागळे इस्टेट)

मासुंदांनी सांगितलेल्या युनियनच्या पायरीसाठी हात जोडतो. मराठी फाइल ऐंशी टक्के वेळा इथेच अडते असं म्हणायला आकडेवारी नाही माझ्याकडे, पण मशीनवर बसणाऱ्या कुणालाही विचारा, तो पहिलं हेच सांगेल.

मशीनच्या बाजूने काही मापं. विनाइलचा रोल बहुधा २४ इंची असतो. कडेला चिमटणारी चाकं असल्याने पातं पूर्ण २४ इंच जात नाही. तुमची पाटी २ फूट उंच असली तरी ५० मिमी समास सोडलाय, तेव्हा चालेल. २ मिमीपेक्षा बारीक रेष आणि १० मिमीपेक्षा लहान अक्षर सोलताना निघून येतं. प्लॉट आणि सेक्टरची ओळ ३० मिमी ठेवा. नोंदणी क्रमांक घालायचा असेल तर तोही २० मिमीच्या खाली नको.

सगळ्यात महत्त्वाचं: प्लॉटर रेषेची जाडी बघत नाही. पडद्यावर ६ मिमी जाड दिसणारी रेष त्याच्या लेखी मधोमध गेलेली एकच रेष. पक्ष्याचे पाय रेषेने काढले असतील तर पाथ > स्ट्रोक टू पाथ (कंट्रोल+ऑल्ट+सी) करून त्यांना बाह्यरेषा द्या. हे न केल्यास पायांच्या जागी नुसता एक काप मिळेल.

पामबीच_संध्याकाळ (नेरुळ)

शब्द युनियन झाले, शिरोरेषा एकसंध आहे. आता रोहित. इंटरनेटवरच्या चित्रावर ट्रेस बिटमॅप (चित्रावरून आपोआप पाथ काढणारी सोय) चालवलं तर एका क्षणात पक्षी तयार झाला. पण कडा खडबडीत दिसतायत.

रेघोटी (ठाणे)

एन दाबून तो पक्षी निवडा आणि कंट्रोल+ए. खालच्या पट्टीत नोडची संख्या येईल. बहुधा शेकड्यांत असेल. या पक्ष्याला चाळीसएक नोड पुरतात. जेपीजीच्या कडेला असलेला धूसरपणा ट्रेसला खरा आकार वाटतो आणि प्रत्येक खाचेवर तो नोड ठेवतो. पात्याला तिथे तिथे दिशा बदलावी लागते, म्हणून कड करवतीसारखी येते. कंट्रोल+एल, म्हणजे सिम्प्लिफाय, केल्याने नोड कमी होतात खरे, पण चोच बोथट होते. शिवाय दुसऱ्याचं चित्र सोसायटीच्या पाटीवर वापरणं बरोबर नाही. हाताने काढा. पेन शिकायला रोहितपेक्षा चांगला विषय नाही, सगळा पक्षी म्हणजे एक मान आणि दोन काड्या.

स्वतः काढलेला फोटो खालच्या लेअरवर ठेवा, ओपॅसिटी (गडदपणा) ४० टक्के, आणि लेअरला कुलूप लावा. वर नवा लेअर घ्या.

मान: बी घ्या. नुसती टिचकी मारली तर टोकदार नोड, टिचकी मारून ओढलं तर वळणदार नोड आणि वळण ठरवणारी त्याची दोन हँडलं. मान छातीला मिळते तिथे पहिला नोड. दुसरा जिथे मान एका बाजूला सर्वांत बाहेर जाते तिथे, तिसरा दुसऱ्या बाजूच्या टोकाला, चौथा डोक्यापाशी. मग एंटर. चुकलेला शेवटचा नोड बॅकस्पेसने जातो. नोड नेहमी वळणाच्या टोकावर ठेवायचे: सगळ्यात डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. वळणाच्या मध्येच ठेवलेला नोड पुढे त्रास देतो. हँडलची लांबी पुढच्या नोडपर्यंतच्या अंतराच्या साधारण एकतृतीयांश असू द्या. फार लांब केलं तर रेष फुगते, फार आखूड केलं तर नोडपाशी कोपरा दिसतो. पूर्ण वर्तुळसुद्धा चारच नोडचं असतं आणि त्याचं हँडल त्रिज्येच्या ०.५५ पट असतं. ई घेऊन वर्तुळ काढा, ऑब्जेक्ट टू पाथ करा आणि एन घेऊन हँडलं बघा. वळण किती कमी नोडांत बसतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात आपोआप आवरतो.

मानेची रेष १८ मिमी जाड करा, टोकं गोल. फिल अँड स्ट्रोक कंट्रोल+शिफ्ट+एफने उघडतं, जाडी तिथल्या स्ट्रोक स्टाइलमध्ये. स्ट्रोक टू पाथ केल्यावर डोक्याकडचे नोड जवळ आणून मान थोडी निमुळती करा.

धड: लंबगोल काढून ऑब्जेक्ट टू पाथ. शेपटीकडचा नोड निवडून शिफ्ट+सी, तो टोकदार होतो. मागे आणि किंचित खाली ओढा. पाठीचा नोड शिफ्ट+एस करून वळणदारच ठेवा.

पाय: ६ मिमीच्या दोन रेषा, स्ट्रोक टू पाथ. शेवटी मान, धड, पाय यांचं युनियन.

खाडीकाठ (ऐरोली)

पायांत एक दुरुस्ती. अर्ध्यावर जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, म्हणून तो मागच्या बाजूला वाकतो. पुढे वाकवला तर पक्षी चुकलाय हे खाडीवर जाणाऱ्या कुणालाही लगेच कळतं. चोच मध्येच खाली मोडलेली असते. मोठ्या रोहितची चोच गुलाबी, टोक काळं. लहान रोहितची जवळजवळ सगळी गडद. दोन्ही आपल्याकडे येतात, तेव्हा कुठला काढताय ते ठरवूनच चोच रंगवा. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून मान्यता मिळाली. पाटीवरचा पक्षी निदान ओळखू यावा.

रोड_नं_२२ (वागळे इस्टेट)

चोचीचं काळं टोक वेगळ्या रोलमधून कापलं जातं. गुलाबी आणि काळा तुकडा एकमेकांना अगदी चिकटून ठेवलात तर लावताना अर्धा मिमी सरकला तरी पांढरी फट दिसते. मध्ये मुद्दाम २ मिमी मोकळे सोडा. सोडलेली जागा डिझाइन वाटते, सरकलेली चूक वाटते. रंगांचे लेअर वेगळे ठेवा: एकावर सगळं काळं, एकावर गुलाबी.

आणि गुलाबी छटा पडद्यावर जुळवत बसू नका. विनाइल छापलं जात नाही, रोलचा जो रंग तोच. दुकानात शेड कार्ड मागा, उन्हात धरून बघा.

पामबीच_संध्याकाळ (नेरुळ)

पक्षी ३८ नोडमध्ये बसला! घोटाही मागे वाकवला. आता फाइल कशी द्यायची? ते सीडीआर (कोरलची फाइल) मागतायत. आणि याच डिझाइनचा ६ × ३ फुटी फ्लेक्स गणपतीत लावायचा विचार आहे.

पारसिक (कळवा)

इंकस्केपला सीडीआर लिहिता येत नाही, वाचता येते तेवढी. त्यांना पीडीएफ द्या, ती कोरलमध्ये उघडते. फाइल > सेव्ह अ‍ॅज > पीडीएफ निवडल्यावर चौकट येते, त्यात 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स' निवडा. मजकूर आधीच पाथ केलाय, तरी एखादी विसरलेली ओळ यात पकडली जाते. मूळ एसव्हीजी (इंकस्केपची स्वतःची फाइल) स्वतःकडे ठेवा, दुरुस्ती नेहमी तिच्यातच करायची.

सोबत लिहून द्या: 'पूर्ण आकार १२१९.२ × ६०९.६ मिमी, प्रमाण १:१'. त्यांनी फाइल उघडल्यावर हेच आकडे दिसतात का ते समोर उभं राहून बघा. डीएक्सएफ (कापणाऱ्या मशीनसाठीचा दुसरा फाइल प्रकार) मागितली तर सेव्ह करताना एकक मिमी निवडलंय ना ते तपासा. तिथे इंच राहिला की पाटी २५.४ पटीने चुकते.

फ्लेक्सचं गणित वेगळं. पाटी २:१ आणि फ्लेक्सही २:१, त्यामुळे डिझाइन जसंच्या तसं मोठं होईल. पीडीएफ चालत असेल तर उत्तम. पीएनजी हवी असेल तर कंट्रोल+शिफ्ट+ई. ६ फूट म्हणजे ७२ इंच, ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) ५१८४ × २५९२ पिक्सेल. लांबून बघायच्या फ्लेक्सला एवढं पुरतं. ३०० डीपीआयचा हट्ट धरलात तर २१६०० × १०८०० पिक्सेल होतील, म्हणजे मेमरीत ७०० एमबीच्या आसपास, आणि फ्लेक्सवर फरक दिसणार नाही.

रंगांची तयारी ठेवा. इंकस्केपची पीडीएफ आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग) असते, छपाई सीएमवायकेत (शाईच्या चार रंगांत) होते. पडद्यावरचा झगझगीत गुलाबी छापल्यावर मंदावतो. ए४ आकाराचा एक तुकडा त्याच मशीनवर नमुना म्हणून छापून घ्या.

मासुंदा (ठाणे, तलावपाळी)

फ्लेक्सवर सावली किंवा ब्लर घातलात तर पीडीएफच्या त्याच चौकटीत फिल्टरचं (म्हणजे सावली, ब्लर यांचं) रेझोल्यूशन विचारतात. कागद पाटीच्या मापाचाच ठेवून मोठं करणार असाल तर तिथला आकडाही त्या प्रमाणात वाढवा, कारण ब्लर तेवढा पिक्सेल होऊन जातो. बाकी सगळं व्हेक्टरच राहतं.

गावदेवी_९ (ठाणे)

एवढ्या खटाटोपापेक्षा कोरलच शिकलेलं बरं नाही का? ठाण्यात निम्म्या छापखान्यांत तेच असतं.

रेघोटी (ठाणे)

रोज छापखान्यात बसायचं असेल तर जरूर शिका. एका पाटीसाठी विकत घ्यायची गरज नाही. आणि नोड, हँडल, युनियन, आउटलाइन या चार गोष्टी इथे हातात बसल्या तर कोरलमध्ये फक्त नावं बदलतात: युनियनचं वेल्ड, डिफरन्सचं ट्रिम, ऑब्जेक्ट टू पाथचं कंट्रोल+क्यू. उलट, नोड न समजता कोरल शिकलेला माणूस तिथेही ट्रेसच करत बसतो.

पामबीच_संध्याकाळ (नेरुळ)

पीडीएफ दिली, माप बरोबर उघडलं, उद्या कापणार आहेत. शेवटचा प्रश्न. उरलेल्या विनाइलमध्ये वॉचमनच्या केबिनच्या काचेसाठी 'आगंतुकांनी नोंद करावी' कापून घेतोय. पाऊस लागू नये म्हणून आतून चिकटवणार, वाचायचं बाहेरून.

रोड_नं_२२ (वागळे इस्टेट)

मग ते उलटं कापावं लागेल. युनियन झाल्यावर ओळ निवडा आणि एच दाबा, आडवी आरशासारखी उलटेल. त्या ओळीची वेगळी पीडीएफ करा आणि फाइलच्या नावातच 'काचेच्या आतून, उलटं' असं लिहा, नाहीतर मशीनवरचा माणूस चूक समजून सरळ करून कापेल.

पामबीच_संध्याकाळ (नेरुळ)

नाव बदलून पाठवली. 'क'ची पोकळीही तपासली, शाबूत आहे.